कुंपणातली होडी

पाण्याखालचं गवत आग्नेयेकडे झुकलं होतं. बोटभर रुंदीची ती लांब पाती एकाच कोनात, विंचरून ठेवल्यासारखी पडली होती. याचा अर्थ भरती अजून चढत होती. दलेंदाने होडीच्या काठावरून वाकून दोनदा पाहिलं आणि मगच भावाला सांगितलं, "अजून थोडा वेळ पाणी चढेल. चल पुढे."

"हुकूम, बाईसाहेब!" सुकाणूवर बसलेला मेहरेज हसला. "शाळेतल्या पोरांनासुद्धा असंच गवत दाखवतेस का?"

होडी घेऊन आठवडाच झाला होता. सपाट बुडाची, एका तिरक्या शिडाची, दुसऱ्याच्या हातून आलेली. पण दलेंदाची ही पहिलीच. समोरच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरात, शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला होडी कशाला हवी, असं करकेनाच्या बेटांवर प्रत्येकाने विचारून घेतलं होतं. तिचं उत्तर ठरलेलं होतं: आईची जागा बघायची आहे.

उत्तरेच्या उथळ पाण्यातला तो तुकडा आईला तिच्या वडिलांकडून मिळाला होता, एखादं शेत मिळावं तसा. दर शरद ऋतूत ती तिथे खजुराच्या झावळ्या रोवून मासे अडवायचं कुंपण उभं करायची. बायका असलं काम करत नाहीत, म्हणून लोक बोलायचे. ती मान खाली घालून रोवत राहायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. शेजारचा मन्सूर दर उन्हाळ्यात दारात येऊन विचारायचा, "जागा मला देता का? मी कुंपण घालतो." मेहरेज म्हणायचा, ताई म्हणेल तसं. आणि ताई म्हणायची, बघून सांगते.

"बघून सांगते, बघून सांगते!" नाळेजवळ उशांच्या ढिगात बसलेल्या खालती शादलियाने तिची नक्कल केली. खालती म्हणजे मावशी; ही त्यांच्या आईची धाकटी बहीण. सत्तरी उलटलेली, गुडघे पार गेलेले. तरी ती हट्टाने आली होती, कारण जागेच्या खुणा तिलाच माहीत होत्या. "होडीचं नाव तरी ठेवलंस का?"

"अजून नाही, खालती."

"तेही बघूनच सांगणार!" ती म्हणाली आणि एकदम तिने हात वर केला. "थांबा! किनाऱ्यावरचा मनोरा त्या एकट्या खजुरामागे गेला. आलो आपण."

त्याच क्षणी बुडाखाली काहीतरी खरखरलं. होडी जराशी कचरली, मग वाकलेल्या काट्यांवरून सरकावी तशी अलगद पुढे सरकली. मेहरेजने खाली पाहिलं. "जुने खुंट आहेत. झावळ्यांची पानं झडून गेलीत, दांडे तेवढे उरलेत."

कुंपणाच्या आत स्वच्छ, शांत पाणी होतं. त्यांनी नांगर टाकला. खालतीने भाजल्या धान्याच्या पिठाचा, ऑलिव्हच्या तेलात कालवलेला बसीसा आणि सुकी अंजिरं काढली. सकाळचं ऊन कोवळं होतं, वारा नावालाच होता. दलेंदा काठीने ठिकठिकाणी खोली मोजत होती आणि मनात या जागेचा नकाशा काढत होती. इथे आई उभी राहत असेल. इथे गाठी मारत असेल. बसीसा संपला, गप्पा लांबल्या. मेहरेजने ट्रान्झिस्टर लावला. खरखरीतून बातम्या देणाऱ्याचा आवाज आला: उत्तर किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा जोरदार वारा.

"जबाली येतोय," मेहरेज म्हणाला. "निघूया!"

नांगर वर आला. शीड भरलं. होडी आल्या वाटेने निघाली आणि धाडकन थांबली! खालती उशांवरून घरंगळली. मेहरेजने वल्ह्याने रेटलं. पुन्हा धाड! आता पाण्याबाहेर दांड्यांची टोकं दिसायला लागली होती. एक, दहा, शंभर! वर्षानुवर्षांच्या भरतीने ते सगळे आत झुकवले होते. आत येणारी होडी त्यांच्या पाठीवरून घसरली होती. बाहेर पडणारीला त्यांची टोकं भिडत होती.

"दुसरीकडून बघ!" दलेंदा ओरडली.

दुसरीकडे आईच्या हातची जाड, दुपदरी भिंत होती. तिसरीकडेही तेच. ते गोल फिरले. पाणी पायरी उतरावं तसं उतरत होतं. पाती आता वायव्येकडे झुकली होती. थोड्याच वेळात होडीचं बूड चिखलात टेकलं.

"मासे असेच येत असतील," खालती म्हणाली.

भर दुपारी ओहोटीने सगळं उघडं केलं. भोवती दांड्यांचं कडं, मध्ये तिरकी कललेली होडी. दक्षिणेच्या भिंतीपलीकडे चिखलातून गेलेला भरती-ओहोटीचा खोल ओढा वाहत होता, गडद निळा. बेटाकडे जायची वाट तीच. मेहरेज तो पोहून गेला असता. पण खालती? तिला चिखलातून दहा पावलं चालवणंही शक्य नव्हतं, आणि तिला सोडून जायचा विचार कोणी बोलूनही दाखवला नाही. मदत मागायला आसपास एक शीड नव्हतं.

दलेंदा खाली उतरली. कुंपणाच्या टोकाशी, जिथे मासे येऊन अडकायचे त्या गोल कोठीत, ती थबकली. तळाशी हाडं होती. बारीक काटे, कवट्या, खवले, थरावर थर. सगळ्यात वर कालपरवाचे चार चंदेरी मासे पोट फुगून पडले होते. वास होडीपर्यंत गेला असावा.

"तीन वर्षं हे कुंपण मासे धरतंय," खालती होडीतून म्हणाली, "आणि खाणारं कोणी नाही."

मेहरेज कोयता घेऊन दक्षिणेच्या भिंतीशी गेला. "ताई, ओढ्याकडे होडी जाईल एवढी फट पाडतो. पाणी आलं की थेट बाहेर."

"थांब!"

"का?"

तिने भिंतीवर हात ठेवला. दांडे गवताच्या दोरीने बांधलेले होते आणि प्रत्येक गाठीचा पीळ उलटा होता. आई डावखुरी होती. अशी गाठ बेटांवर दुसऱ्या कोणाची नव्हती. "आज संध्याकाळच्या भरतीला पाणी येईलच ना," दलेंदा म्हणाली. "सकाळच्या भरतीएवढं चढलं की टोकांवरूनच निघू. तोडायची गरज नाही." सकाळच्या ओलीची रेघ एका खांबावर अजून दिसत होती. तिथे तिने रुमालाची लाल चिंधी बांधली.

"आणि नाही आलं तर?"

"हिशेब केलाय मी."

"हिशेबात वारा धरलास?"

दलेंदाने चिंधीची गाठ आणखी घट्ट ओढली. मेहरेजने कोयता होडीत टाकला. "तुझ्या आधी मी कधी ठरवलंय का काही!"

"ठरवत बसा दोघं," खालतीने डोक्यावरची चादर पुढे ओढली. "तोवर मला ऑक्टोपससारखं वाळत घाला!"

जबाली दिवस उतरायच्या आधीच आला. आधी उत्तरेला एक पांढरी रेघ दिसली, मग रेघेच्या लाटा झाल्या. पाणी परतलं ते चिखल ढवळत, फेसाळत. होडी हलली, अर्धवट उचलली गेली आणि खाली आपटली! पुन्हा उचलली, पुन्हा आपटली! एक दांडा फळीला भिडला. फळी कळवळली. मग करकरून फुटली! आत पाण्याची धार आली.

"बोळा कोंब!" मेहरेजने उशी फाडली. खालती बसीशाच्या वाडग्याने पाणी उपसू लागली. प्रत्येक वाडग्याबरोबर ती एकेका पिराचं नाव घेत होती आणि एकेक शिवी देत होती, दोन्ही सारख्याच मनापासून.

दलेंदाचे डोळे चिंधीवर होते. पाणी चार बोटं खाली होतं. तिने वाट पाहिली. अजून चारच बोटं. तिने काठावरून खाली पाहिलं. गढूळ पाण्यात गवताची पाती कोणत्याच बाजूला झुकलेली नव्हती. लाटेसरशी डुलत होती आणि पुन्हा सरळ होत होती. भरती थांबली होती! वाऱ्याने पाणी आखाताबाहेर ढकललं होतं. चिंधीपर्यंत ते आज येणार नव्हतं. आता ते उतरणार होतं आणि होडी अंधारात या दांड्यांवर आपटत राहणार होती.

पाण्यात उडी मारून दलेंदा दक्षिणेच्या भिंतीशी पोहोचली. छातीएवढ्या पाण्यात पहिली गाठ शोधून ती नखांनी सोडवू लागली. दोरी फुगली होती. पीळ उलटा होता. एक लाट तिच्या डोक्यावरून गेली. तिने पुन्हा गाठ धरली.

"सोडवतेस काय, पोरी?" खालतीचा आवाज वाऱ्यावरून आला. "भरतकाम आहे का ते? तुझी आई इथे असती, तर पहिला कोयता तिनेच घातला असता!"

दलेंदाने मागे हात केला. मेहरेजने कोयता तिच्या हातात दिला.

पहिली गाठ तुटली. दुसरी. तिसरी! मेहरेज पाण्यात उतरून दांडे उपटू लागला. तळहात सोलले. चौथी! दांड्यांची एक जुडी उताणी झाली, लाटेने उचलली आणि ओढ्यात वाहून गेली. शेजारची जुडी तिच्यामागोमाग गेली. काहीतरी चंदेरी दलेंदाच्या पोटरीला घासून फटीतून सळकन बाहेर गेलं. मग आणखी एक.

"पुरे!" मेहरेज ओरडला. "चढ! चढ!"

दोघं काठावरून आत कोसळली. शीड अर्ध्यावर चढलं. वारा त्यात धाडकन शिरला. डावीकडे खुंट खरवडले, उजवीकडे खरवडले. होडी अडली. एक लाट मागून आली, तिने होडीला उचललं, आणि बुडाखालची खरखर एकदम थांबली. खाली गडद निळं, खोल पाणी होतं!

ओढ्यात शिरल्यावर लाटा लांब आणि मऊ झाल्या. खालती उपसत राहिली, फक्त सावकाश. ओढ्यात आल्यापासून तिने एकही शिवी दिली नव्हती, आणि हेच मेहरेजला सगळ्यात विचित्र वाटत होतं. मागे कुंपणाचं कडं फेसात बुडत आणि उघडं पडत होतं, एका बाजूला दात पडल्यासारखं. दलेंदा ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. तिच्या बोटात दोरीचा एक तुकडा अडकला होता, उलट्या पिळाचा. तो तिने ओल्या खिशात ठेवला.

सूर्य बुडता बुडता अतायाचा धक्का दिसला. किनाऱ्यावर मन्सूरच्या घरासमोर ताज्या तोडलेल्या झावळ्यांचा एक लहान ढीग होता. त्याच्या स्वतःच्या जागेपुरता. मेहरेजने तिकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं.

"मेहरेज," दलेंदा म्हणाली. "उद्या सकाळीच मन्सूरकडे जा. सांग त्याला, आईची जागा आता तुझी. आणखी झावळ्या तोडायला लाग म्हणावं."