बावीस विकलेली चित्रे

अकरावे पत्र परत आले तेव्हा एस्बर्न मास्तरांनी ते उघडलेही नाही. पाकिटावर कोपनहेगनच्या टपालवाल्याने तेच लिहिले होते: या पत्त्यावर या नावाचे कोणी नाही.

"कोणाचं?" खिडकीपाशी बसलेल्या कॅथिंकाबाईंनी विचारले.

"अँड्रियास क्रोग. 'सातूचं शेत' घेणारे."

"तेही नाहीत?"

"नाहीत."

बाईंनी मांडीवरचे हात एकात एक गुंतवले. हाताच्या सुरकुत्यांत अजून रंग होता. ब्रश मात्र त्यांनी हिवाळ्यातच खाली ठेवला होता. काचबिंदूने नजर गेली होती. आता खिडकी कुठे आहे एवढेच त्यांना कळे.

कॅथिंका ब्रुग गावातल्या गलबतांच्या कारखानदाराची मुलगी. लग्न केले नाही, निसर्गचित्रे काढली. हात सावकाश, वर्षाला एकच मोठे चित्र. कापड शिडाचे. ते चौकटीवर ताणून ठोकायचे त्याच करत, कारखान्यातल्या बारीक तांब्याच्या खिळ्यांनी. समुद्राच्या हवेत लोखंड गंजते, हे त्यांना वडिलांनी शिकवले होते. दर वसंतात चित्र कोपनहेगनच्या मोठ्या प्रदर्शनाला जाई आणि दर वसंतात ते विकले जाई. बावीस वर्षे, बावीस चित्रे. आलेला पैसा त्या लगेच गरीब, होतकरू चित्रकारांवर खर्च करत. दर उन्हाळ्यात चार-पाच मुले त्यांच्या होडीघरात राहून चित्रे काढत. मुलींना चित्रशाळेत प्रवेश नव्हता. आपल्याला जे मिळाले नाही ते निदान कोणाला तरी मिळावे, असे त्या म्हणत.

आणि आता, १८८७ च्या एप्रिलमध्ये, कोपनहेगनच्या एका महिला मंडळाचे पत्र आले होते. ऑक्टोबरात एक दालन घेऊ, त्यात फक्त तुमची चित्रे लावू. निदान दहा तरी ऑगस्टपर्यंत जमवा. नाहीतर दालन दुसऱ्यांना जाईल. म्हणून बाईंच्या वहीतल्या गिऱ्हाइकांना, चित्रे तेवढ्यापुरती मागायला, मास्तर पत्रे लिहीत होते.

ते पत्र मास्तरांनी किती वेळा वाचून दाखवले होते याला गणती नव्हती. बाईंना त्यातला एक भाग फार आवडे: 'आमच्या अध्यक्षांना तुमचे सातूचे शेत अजून आठवते. प्रदर्शनाच्या पहिल्याच सकाळी, दारे उघडताच त्या ते घ्यायला गेल्या, पण विकल्याची चिठ्ठी आधीच लागलेली होती.'

"माणसं मरतात, घरं बदलतात," बाई म्हणाल्या. "पण अकराच्या अकरा? मास्तर, पोरांचं गणित कुठं चुकलं ते तुम्ही बरोबर शोधता. हे शोधा. मला ती बघता येणार नाहीत. पण ती आहेत एवढं तरी कळू दे."

मास्तर आधी लाउरिट्सकडे गेले. बाईंचा धाकटा भाऊ. कारखाना तोच चालवी आणि दर वर्षी चित्र घेऊन बोटीने तोच जाई.

"गिऱ्हाइकांना तुम्ही स्वतः भेटलात?"

"कधी भेटलो, कधी प्रदर्शनवाल्यांकडून नाव कळलं."

"पावत्या असतील?"

"बावीस वर्षांच्या? तुम्ही पोरांच्या पाट्या जपून ठेवता का?"

"चित्र नेताना पेटी न्यायचात. येताना?"

"येताना रिकामा यायचो. आणखी काय?" त्याने रंधा उचलला. "मास्तर, तिला कशाला नादी लावताय? प्रदर्शन झालं काय, न झालं काय, तिला ते दिसणार आहे का?"

स्वयंपाकघरात मारेन मासे साफ करत होती. तीस वर्षे ती या घरात होती आणि तिला कोणाचेच भय नव्हते.

"चोर पाहिजे ना? मग त्या व्हिगोला धरा," ती म्हणाली. "बाईंच्या भाकरीवर पोसला. आता सरकारी संग्रहात चित्र लागलंय, गळ्याला रेशमी रुमाल आलाय. पण या खेपेला आल्यापासून बाईंच्या नजरेला नजर देत नाही. त्यांना दिसत नाही, तरी देत नाही."

"होडीघर तूच झाडतेस ना?"

"मग काय राजाची राणी येते? बाई तर आत पाऊलही टाकत नसत, पुरुषांची बिऱ्हाडं म्हणून. पोरांची चित्रं बाहेर अंगणात मांडली की येऊन बघायच्या. कोऱ्या कापडांची पेटी जूनमध्ये कोपनहेगनहून थेट तिकडंच यायची. कोरी म्हणे. दर पेटीत एक तरी ओल्या मेंढीएवढं जड निघायचं. ते सगळ्यांत हुशार पोराला द्यायचे. उचलताना माझा एप्रन हिरवा व्हायचा."

"हिरवा?"

"हिरवा. धुऊन जात नाही. बाजूला व्हा, खवले उडतायत."

होडीघरात व्हिगो एकटाच होता. तिशीतला, सडपातळ. भिंतीकडे तोंड करून एक चित्र उभे केले होते. मास्तरांनी त्याच्या पाठीकडे पाहिले. चौकटीच्या कडेने बारीक खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याभोवती हिरवट वर्तुळ.

"हे असं शिक्षा झाल्यासारखं का उभं केलंय?"

"बिघडलंय."

"बघू?"

व्हिगोने नाइलाजाने ते वळवले. समुद्र, वर राखाडी आकाश. त्या आकाशातून पुसट तपकिरी उभे पट्टे वर येत होते, सहा-सात, एकमेकांपासून थोडे लांब.

"हे काय?"

"रंग खराब निघाला."

"रंग खराब निघाला तर असा ओळीत निघतो का?"

 व्हिगोने चित्र पुन्हा भिंतीकडे वळवले.

रविवारी मास्तर नेहमीप्रमाणे चर्चमध्ये भजन सांगायला उभे राहिले. समोर ब्रुग कुटुंबाचे बाक. बाकाच्या समोरच्या भिंतीवर जुनी लाकडी फळी, एका वादळात बुडालेल्या गावकऱ्यांची. तेवीस नावे, एकाखाली एक. वीस वर्षे मास्तर त्या फळीला पाठ करून उभे राहत आले होते. त्या दिवशी भजनाचे पुस्तक काढायला वळले आणि नजर तिथे गेली.

अँड्रियास होल्म. त्याखाली पेडर क्रोग.

मास्तरांचा सूर चुकला. मारेन मागच्या बाकावरून हसली.

दुपारी त्यांनी सगळ्यांना बाईंच्या बैठकीत बोलावले. कॉफी आली. कोणी ती प्यायली नाही.

"बाई, तुम्ही म्हणालात, गणित कुठं चुकलं ते शोधा," मास्तर म्हणाले. "गणित पहिल्या ओळीतच चुकलंय. गिऱ्हाईक नव्हतंच. अँड्रियास होल्म आणि पेडर क्रोग, दोघे बुडाले. वरच्याचं नाव घेतलं, खालच्याचं आडनाव, आणि अँड्रियास क्रोग झाला. बावीसच्या बावीस नावं अशीच, वरून खाली, ओळीनं. दर रविवारी त्या फळीसमोर बसणाऱ्या माणसाला नावं शोधायला लांब जावं लागलं नाही. तेवीस माणसांत बावीस जोड्या होतात. यंदा चित्र नाही हे बरं झालं. नावं संपली होती."

लाउरिट्सने मान खाली घातली.

"पैसे?" बाईंनी विचारले.

"माझे," लाउरिट्स म्हणाला.

"आणि चित्रं?"

"चित्रं दर वर्षी घरी परत आली," मास्तर म्हणाले. "तुमच्या अंगणात आली, तुम्ही ती पाहिली, वाखाणलीत. कोपनहेगनच्या कापडवाल्याकडं तांब्याचे खिळे कुठून येणार? तो लोखंडी मारतो. तांब्याचे मारणारं माणूस एकच. तांब्यालाच हिरवं चढतं, मारेनच्या एप्रनवर होतं ते. कापड जड होतं, कारण कोरं नव्हतं. वसंतात प्रदर्शनातून निघालेलं तुमचं चित्र सफेदा फासून जूनमध्ये कोरं म्हणून यायचं, आणि त्यावर ही मुलं चित्र काढायची. आता जुना सफेदा पातळ होतोय आणि व्हिगोच्या आकाशातून खालची झाडं वर यायला लागलीत."

मारेनने हातातला ट्रे टेबलावर ठेवला. 

"तुला माहीत होतं, व्हिगो?" बाईंनी विचारले.

"सहा वर्षांपूर्वी माझ्या एका चित्राचा कोपरा खरवडला होता," तो म्हणाला. "खाली तुमची सही आणि चित्राचं नाव लागलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याच महिन्यात सरकारनं तेच चित्र घेतलं. ते कशावर आहे ते मला कळलं होतं."

"कशावर?"

"सातूच्या शेतावर."

बाईंनी भावाच्या दिशेने चेहरा वळवला. "का रे?"

"पहिल्या वर्षी शेवटच्या दिवसापर्यंत उभा होतो," लाउरिट्स म्हणाला. "कोणी घेतलं नाही. दोन पोरं चित्रासमोर हसली. बायकांचं भरतकाम, म्हणाली. बोटीवर ठरवलं, हे घरी सांगायचं नाही. मग तू त्या पैशांनी लगेच पोरांची सोय केलीस. किती खूश होतीस. पुढच्या वर्षी काय सांगणार होतो? चित्रं ठेवायची कुठं? जाळायला हात धजेना. वाटलं, निदान कोणाच्या तरी उपयोगी पडू देत."

"आणि दुसऱ्या वर्षी? तेव्हाही शेवटपर्यंत कोणी घेतलं नाही?"

लाउरिट्सने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मास्तरांना उत्तर ठाऊक होते. ते द्यावे की नाही याचा त्यांनी क्षणभर विचार केला. पण बाईंनी खरे शोधायला सांगितले होते.

"दुसऱ्या वर्षापासून त्यांनी वाट पाहिली नाही," ते म्हणाले. "कोणी हसायला नको म्हणून पहिल्याच सकाळी, दारं उघडायच्या आधी विकल्याची चिठ्ठी लावली. एकवीस वर्षं."



"म्हणजे त्या अध्यक्षीणबाई," बाई सावकाश म्हणाल्या, "सातूचं शेत खरंच घ्यायला आल्या होत्या."

"हो."

"आणखी किती आले असतील?"

"ते आता कोणालाच कळणार नाही, बाई."

लाउरिट्स दोन्ही हातांत तोंड घालून बसला.

व्हिगोने होडीघरातले चित्र आणले. हे माझंच आहे, विकलेलं नाही, मी खरवडतो, म्हणाला. तळहाताएवढा कोपरा त्याने औषध लावून, पात्याच्या धारेने, सगळ्यांसमोर उघडला. समुद्र गेला, सफेदा गेला. खाली मातकट तपकिरी रंग लागला, झाड नाही. सफेदा नीट धरावा म्हणून कापडवाल्याने आधी जुने चित्र खरखरीत दगडाने घासून घेतले होते. उरले होते ते डाग.

"आणखी खाली बघतो," व्हिगो म्हणाला.

"नको," बाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला, बोटे न खरवडलेल्या आकाशावरून हळूहळू फिरवली आणि एके ठिकाणी थांबवली. "बीच जातीचं झाड. डावीकडचं. याचं खोड जाड लावलं होतं. राहू दे. खरवडलंस तर तुझंही जाईल आणि माझंही येणार नाही."

महिला मंडळाला पत्र गेले. दालन दुसऱ्यांना मिळाले. लाउरिट्स आणि बाई त्याच घरात, त्याच टेबलाशी जेवत राहिले. मीठ लागले तर मारेनकडे मागत.

ऑक्टोबरात बाई मास्तरांना म्हणाल्या, "मला कोपनहेगनला घेऊन चला."

सरकारी संग्रहात व्हिगोचे चित्र मधल्या भिंतीवर होते, सोनेरी चौकटीत. बंदर, धुके, पहाट. मास्तरांनी बाईंना समोर उभे केले. शेजारी शाळकरी मुलींची रांग होती. त्यांची शिक्षिका त्यांना सांगत होती, बघा, धुक्यात कसा उजेड आहे.

"हात लांब केला तर पोचेल?" बाईंनी हळूच विचारले.

"पोचेल. थोडा डावीकडं."

त्यांची बोटे कापडापासून वीतभर राहिली असतील.

"बाई," पहारेकरी सौम्यपणे म्हणाला, "चित्रांना हात लावायचा नाही."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, शेजारच्या मुलींनी घेतले होते तसे.