भाकरीचा घाम

"काका, मागच्या रविवारी आपण पाठवलेल्या भाकरी त्या लोकांनी खाल्ल्या का?"

हॉलमध्ये पिशव्यांची सळसळ थांबली. प्रश्न तनुजाचा होता, पण पैज सत्यम आणि मेघाने लावली होती: इंद्रजीतकाकांना सगळ्यांसमोर विचारून दाखव. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायलाही घाबरणारी तनुजा आज ताठ उभी होती.

इंद्रजीतकाका म्हणजे त्यांच्या सिडकोतल्या कॉलनीच्या जयघोष मित्रमंडळाचे अध्यक्ष. गोदाकाठच्या एका गावात पूर शिरला, चुली वाहून गेल्या, सरपण भिजलं, तेव्हापासून मंडळ घरोघरून भाकरी गोळा करत होतं. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून ही तिघंही हॉलवरच पडीक असायची. काका म्हणाले, उपाशी माणसं भाकरी खाणार नाहीत तर काय करतील? आणि स्टिकर जरा सरळ चिकटवा.

काकांपुरता विषय संपला. पण काल त्या गावात पाण्याचे जार पोचवून आलेला टेम्पो धुताना तिघांना मागच्या कोपऱ्यात परत आलेल्या पिशव्या सापडल्या होत्या. बाहेर मंडळाच्या नावाचा चकचकीत स्टिकर, आत भाकरीवर हिरवी बुरशी. त्या ढिगात एक पांढरं फडकं मात्र धुऊन, घडी घालून ठेवलेलं. त्याच्या टोकाला गाठ आणि गाठीत एक सीताफळ.

"फडकं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून," मेघा हळूच म्हणाली होती. तिची आजी शेजारची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घातल्याशिवाय परत पाठवत नसे. सगळं वाहून गेलेल्या माणसांनीही रीत सोडली नव्हती! म्हणजे या फडक्यातल्या भाकरी खाल्ल्या गेल्या होत्या. फक्त याच. का? आणि हे फडकं कुणाचं?

फडक्यावर पुसट अक्षरांत लासूर स्टेशनच्या कुठल्याशा गिरणीचं नाव होतं. पिठाच्या पिशवीचं कापड ते. सत्यमने लगेच ओळखलं. कॉलनीच्या नाक्यावर भाकरीची गाडी लावणाऱ्या सरूबाई असल्याच फडक्यात भाकरी झाकून ठेवायच्या.

"तुला बरं ठाऊक?" मेघाने विचारलं.

"मग क्लास बुडवून मी कुठं जातो असं वाटतं तुला?"

काल गाडी बंद झाली होती, म्हणून आज काकांचं उत्तर ऐकून तिघं थेट नाक्यावर धावली. सरूबाईंनी भाकरी थापणं न थांबवता मान डोलावली. गाठोडं त्यांचंच. नाव-बिव सांगायचं काय त्यात, हॉलच्या पायरीवर ठेवलं अन् आले. तनुजाने बुरशी आलेली भाकरी पुढे केली, तेव्हा मात्र त्यांचे हात थांबले.

"गरम भाकर पिलास्टिकात कोंबली व्हय? मग घाम येनारच की तिला. भाकर कडक शेकायची, उन्हात वाळवायची, मग फडक्यात बांधायची. आठ दिस हलत नाय."

"तुम्ही कुठं शिकलात हे?" तनुजाने विचारलं.

सरूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "किल्लारीच्या भूकंपात मी तुझ्याएवढी होते. आमचं घर पडलं, तवा लई दिस असल्याच भाकरी खाल्ल्या. कुन्या गावच्या बाईनं थापल्या, आजून ठावं नाय मला."

मग तनुजाने घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते. टेम्पो चारला सुटणार होता आणि हॉलमध्ये सहाशे भाकरी पिशव्यांत बंद होऊन घाम गाळत होत्या. त्या गावाला चार दिवस त्यांच्यावरच काढायचे होते.

तिने पळत जाऊन काकांना सगळं सांगितलं. काका म्हणाले, स्टिकर लागलेत, तीनला फोटोग्राफर येतोय, आता शहाणपणा नको. तनुजा दाराबाहेर आली. दहापर्यंत अंक मोजले आणि पुन्हा आत गेली.

"काका, पिशव्यांचा फोटो काय, कुणीही काढतं. गच्चीवर भाकरींनीच मंडळाचं नाव लिहिलं तर?"

काकांचे डोळे लकाकले. त्यांनी स्वतः उभं राहून सगळ्या पिशव्या रिकाम्या करायला लावल्या. गच्चीवर धुतलेल्या चादरी पसरल्या. वर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन. सरूबाईही गाडी बंद करून आल्या आणि मऊ राहिलेली प्रत्येक भाकरी बोटाने दाबून तापलेल्या बाजूला सरकवू लागल्या. काका टाकीवर चढून हुकूम सोडत होते. 'त्र'ची शेपटी वाकडी झालीय. अनुस्वाराला जरा गोल भाकरी घ्या.

दीड तासाने अक्षरं पूर्ण झाली, आणि सत्यमने 'मित्र'मधला 'मि' दीर्घ लिहिल्याचं मेघाने सगळ्यांना ओरडून सांगितलं. काका भडकले. नाव पुन्हा पहिल्यापासून लिहायचं ठरलं. या वेळी प्रत्येक भाकरी उलटून ठेवली गेली. दुसरी बाजूही वाळायला नको का?

फोटो झाला. पिशव्या पुन्हा भरा म्हणत काकांनी एक पिशवी उचलली, तर आतून पाण्याचे थेंब त्यांच्या मनगटावर ओघळले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. मग हातातली कडक भाकरी मोडून पाहिली.

"म्हणजे तीन तास मला उन्हात उभं केलंत ते..."

"भाकरी वाळवायला," तनुजा म्हणाली.

काका पिशवी तिथेच टाकून वळले. मग जिन्यातून खाली गेले आणि घराघरांतून जुनी, स्वच्छ सुती कापडं मागून आणली. स्टिकर हॉलमध्येच राहिले. टेम्पो चारला दहा मिनिटं असतानाच सुटला.

चौथ्या दिवशी टेम्पोवाल्या कचरूमामांनी गावातून फोन केला. काकांनी तो सगळ्यांना ऐकवला. एकही भाकरी वाया गेली नव्हती. तिथल्या बायकांचा निरोप होता की भाकरी लई झाक, पण आता आमच्या हातानं थापायचीय. चुली घालून द्यायला कुणी येतं का? सरूबाई म्हणाल्या, मी जाते सकाळी. काकांनी तिघांना पुढे बोलावलं आणि भरल्या हॉलसमोर म्हणाले, "मंडळाचा अध्यक्ष मी, पण अक्कल या पोरांची."

तनुजा घरी आली तेव्हा आई भाजी निवडत होती, बाबा पेपर वाचत होते. ती दोघांच्या मधोमध उभी राहिली.

"मी विचारत नाहीये, सांगतेय. उद्या सकाळी सातच्या टेम्पोने मी सरूबाईंबरोबर त्या गावाला चाललेय. चूल कशी घालतात ते त्या मला शिकवणारेत. आणि तिथल्या प्रत्येक घरात चूल पेटेपर्यंत, सुट्टीभर, मी रोज जाणार आहे."