बुजवू नये असे भोक

शोधाचे नाव

ओढ्याचे पाणी ओढ्याच्याच जोरावर वाडीपर्यंत चढवण्याची युक्ती.

(पेटंटचा कागद असाच सुरू होतो. आधी नाव, मग अडचण, मग आकृती, मग यंत्र कसे चालते ते आणि अगदी शेवटी दावे. ही गोष्टही साधारण त्याच क्रमाने सांगितली आहे. पेटंट म्हणजे काय हे इरालाही सुरुवातीला ठाऊक नव्हते, तेव्हा वाचणाऱ्याने घाई करू नये.)

अडचण

पंप चौथ्या दिवशी थांबायचा.

तिसऱ्या नाही, पाचव्या नाही. चौथ्या. तीन दिवस तो ओढ्याकाठी टक्, टक्, टक् करत इमानाने पाणी वर ढकलायचा. चौथ्या दिवशी त्याचा आवाज बदलायचा. टक् जाऊन ठण् यायचे, पाइप थरथरायचे, आणि संध्याकाळपर्यंत वाडीच्या टाकीत पडणारी धार करंगळीएवढी होऊन बंद पडायची.

साल २०६८. ही वाडी बावीस घरांची, डोंगराच्या कुशीत. खाली खोऱ्यात रेडिओ दुर्बीण होती (ताऱ्यांकडून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी टिपणारे यंत्र). या लहरी इतक्या क्षीण, की एखाद्या मोटरीच्या ठिणगीनेही त्या बुडून जातात. म्हणून साऱ्या खोऱ्यात मोटर नाही, मोबाइल नाही, मिक्सरसुद्धा नाही. वाडीतल्या बायका चटणी पाट्यावर वाटत आणि पाहुण्यांना सांगत, "आमची चटणी ताऱ्यांच्या सोयीनं होते हो."

चटणीचे निभावले. पाण्याचे निभेना. वरचा झरा दोन वर्षांमागे आटला. ओढ्याला पाणी होते, पण ते पंधरा मीटर खाली. दुर्बिणीच्या समितीने सांगितले: मोटर न लावता पाणी वर आणा. पंप सात दिवस, कोणी हात न लावता, चालला पाहिजे. तीन वेळा संधी देऊ. नाही जमले, तर वाडी घाटापलीकडे हलवावी लागेल.

दोन संधी संपल्या होत्या.

इरा औटी बारा वर्षांची होती आणि तिला घाटापलीकडे जायचे नव्हते. तिने समितीच्या दाते मॅडमना विचारून पाहिले होते, "चौथ्या दिवशी आजोबा पंप उघडतात, पंपाची टाकी रिकामी करतात, परत चालू करतात. मग चालतो की! तसंच करत राहिलं तर?"

"आजोबांचं वय काय?"

"चौऱ्याहत्तर."

दाते मॅडमनी तो आकडा वहीत लिहिला आणि वही मिटली. इराला ते नकारापेक्षा वाईट वाटले.

आकृती

पंप इराच्या आईच्या वडिलांनी, मंगेश मिस्त्रींनी बनवला होता. सारा जन्म त्यांनी फिटरचे काम केलेले. त्यांच्या उस्तादांच्या कारखान्यात भिंतीवर एक जुने चित्र टांगलेले असायचे. उस्तादांचा लेथ (धातू कातायचे यंत्र) आजोबांनी विकत घेतला तेव्हा चित्रही त्यांच्याकडे आले. त्या चित्रावरून त्यांनी पंप केला. चित्रात सहा आकडे होते:

(१) उतरता पाइप. यातून ओढ्याचे पाणी दोन मीटर खाली घसरत येते.

(२) ठोकझडप. पाणी हिच्यातून बाहेर सांडते आणि सांडता सांडता हिलाच आपटून बंद करते.

(३) चढझडप. पाण्याला फक्त आत जाऊ देते, परत येऊ देत नाही.

(४) हवेची टाकी. लोखंडी, वरून बंद, कळशीएवढी.

(५) चढता पाइप. वाडीकडे.

(६) एक बारीक भोक, चढझडपेच्या जरा खाली. याचा उपयोग चित्रावरून कळत नव्हता. आजोबांनी चित्रात आहे म्हणून ते पाडले. पंप सुरू होताच दर ठोक्याला भोकातून पाण्याची पिचकारी उडू लागली. आजोबांनी इराकडे हात केला, इराने स्क्रू दिला, भोक बंद झाले.

"मंगेश मिस्त्रीच्या हातचं काम गळत नसतं," आजोबा म्हणाले.

तपासनिसाची खोली

चित्राच्या कोपऱ्यात इंग्रजीत बारीक अक्षरांत काही छापले होते. आजोबांना ते कधी वाचावेसे वाटले नाही. "फिटर चित्र बघतो गं. मजकूर साहेब लोक वाचतात." इराने भिंग लावले. एक क्रमांक, १९१३ हे साल, आणि पुढे: पत्रक दोनपैकी पहिले.

म्हणजे दुसरे कुठेतरी होते.

दुर्बिणीच्या फाटकाशी तांब्याच्या जाळीची एक खोली होती. जाळीमुळे आतल्या यंत्रांच्या लहरी बाहेर पडत नसत. तिथे दप्तरी बसायचा. दप्तरी म्हणजे पेटंट कार्यालयाने ठेवलेला यंत्रमानव. दुर्बिणीवरची माणसे सारखे काही ना काही शोध लावत, ते तपासायला. त्याला चाके होती, पण जाळीबाहेर जायची परवानगी नव्हती, त्यामुळे ती नव्यासारखी चकचकीत होती.

"दार लावून घ्या, अर्जदार," तो म्हणाला.

"मी अर्जदार नाही, इरा. दप्तरीकाका, या चित्राचं दुसरं पान हवंय."

दप्तरीने चित्रावरून प्रकाशाची पट्टी फिरवली. "पेटंट आहे हे. शोध लावणारा विठोबा कोंडाजी पांचाळ, मिस्त्री. अर्ज कलकत्त्याच्या कार्यालयात. आधी एक विचारतो. तुम्हाला पेटंट म्हणजे काय वाटतं?"

"शोधावर मारलेला शिक्का. म्हणजे दुसऱ्या कुणी करायचा नाही."

"तो अर्धा सौदा झाला. समजा, तुम्ही एक नवं यंत्र केलंत. कसं केलं ते सगळ्यांना सांगितलंत, तर काय होईल?"

"सगळे करतील. मला कोण विचारणार?"

"नाही सांगितलंत तर?"

इराला आजोबांची नट-झडपांची खोकी आठवली. कुठला नट कुठे बसतो, कुठली झडप किती घासायची, हे त्या खोक्यांवर लिहिलेले नव्हते. "तर माझ्याबरोबरच जाईल," ती म्हणाली.

"म्हणून सरकार मध्ये पडतं. म्हणतं, तुझं गुपित सगळं लिहून दे. इतकं नीट, की कामाची जाण असलेला कुणीही नुसतं वाचून ते यंत्र बनवू शकेल. त्याला तपशीलपत्र म्हणायचं (शोधाचं संपूर्ण वर्णन). बदल्यात ठरावीक वर्षं तुझ्या परवानगीशिवाय ते यंत्र कुणी बनवणार नाही, विकणार नाही. तेव्हा ती चौदा वर्षं होती. आता वीस आहेत."

"आणि वर्षं संपली की?"

"सगळ्यांचं."

इराने चित्र हळूच स्वतःकडे ओढले. "म्हणजे पांचाळांना न विचारता आम्ही..."

"त्यांचा हक्क १९२७ साली संपला. परवानगी मागायला आपण एकशे एक्केचाळीस वर्षं उशिरा आलात," दप्तरी म्हणाला. तो विनोद होता की नोंद, हे त्याच्या आवाजावरून कधी कळत नसे. "सगळ्यांचं म्हणजे त्यात तुम्हीही आलात. हे घ्या दुसरं पान. मराठी करून दिलंय."

चालण्याची रीत

इरा ते पान घेऊन ओढ्याकाठी गेली. आजोबा दगडावर बसून ठोकझडप घासत होते. तिने मोठ्याने वाचायला घेतले. पांचाळांची भाषा सरकारी अर्जाची होती, पण माणूस समजावून सांगणारा होता.

पाणी पाइपातून (१) घसरत येते आणि झडपेतून (२) सांडते. सांडताना त्याचा वेग वाढत जातो. वाढता वाढता ते झडपेला ओढून घेते आणि झडप फट्कन बंद होते. आता पळत आलेल्या पाण्याला दारच उरत नाही. पळणारा माणूस बंद दारावर आदळावा, तसे ते आदळते. या धक्क्यात मोठा जोर असतो. त्या जोराने चढझडप (३) उघडते आणि थोडे पाणी टाकीत (४) घुसते. टाकीत वर हवा असते. पाणी दबत नाही, हवा दबते. दबलेली हवा उशीसारखी पुन्हा फुगते आणि पाण्याला चढत्या पाइपात (५) ढकलते. इकडे धक्का ओसरला, की ठोकझडप आपल्या वजनाने खाली पडून उघडते. परत पहिल्यापासून. दहा बादल्या पाणी खाली येते तेव्हा जेमतेम एक बादली वर चढते, पण ती एक बादली फुकट चढते.

"हे मला माहीत आहे," आजोबा म्हणाले. "पुढं वाच."

"'या टाकीतली हवा कायम राहत नाही. दाबाखाली हवा पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर थोडी थोडी निघून जाते. सगळी हवा गेली म्हणजे टाकीत नुसते पाणी उरते. उशी नाहीशी होते. मग पाण्याचा धक्का लोखंडावर बसतो, पंप ठणठणू लागतो व पाणी चढत नाही.'"

आजोबांचा घासणारा हात थांबला. "चौथ्या दिवशी," ते हळूच म्हणाले. "म्हणून मी टाकी रिकामी केली की चालतो. मी पाणी काढत नव्हतो. हवा भरत होतो."

"'यासाठी भोक (६) ठेवले आहे. दर धक्क्यानंतर पाणी क्षणभर मागे हटते. त्या क्षणी पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि भोकातून हवेचा घोट आत येतो. पुढचा धक्का तो घोट टाकीत ढकलतो.'" इराने मान वर केली. "आजोबा, पंप श्वास घेतो. आपण त्याचं नाक बंद केलं."

"भोकातून पाणी गळतं तो पंप कसला?" आजोबा म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांनी एक थेंब गळू दिला नव्हता. लोक त्यांना दुसऱ्या गावाहून बोलवायचे, ते याचसाठी. "हा कोण पांचाळ मला शिकवणार? एवढं मोठं यंत्र, आणि भोक ठेवतो! एक संधी उरलीय पोरी. ती भोकावर उधळायची?"

इराने वाद घातला नाही. तिने पानावरच्या शेवटच्या ओळींवर बोट ठेवले आणि पान त्यांच्या हातात दिले. आजोबांनी चष्मा लावला. आयुष्यात पहिल्यांदा ते साहेब लोकांचा मजकूर वाचत होते. ओठ हलत होते.

'हे भोक पाहणाऱ्यास गळती वाटेल. ते बुजवू नये. मी स्वतः ते दोन वर्षे बुजवीत होतो.'

आजोबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"दोन वर्षं," आजोबा म्हणाले.

"हो."

"माझे तीनच महिने झाले."

"हो ना. आपण हुशार."

"गप्प बस. स्क्रू-ड्रायव्हर दे."

चाचणीचा अहवाल

सोमवारी सकाळी दाते मॅडमनी पंपाभोवती दोरी बांधली आणि गाठीला लाख लावली. पिचकारी दर ठोक्याला उडत होती. आजोबांनी तिकडे पाठ केली, कारण बघवत नव्हते.

मंगळवार. टक्.

बुधवार. टक्.

गुरुवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, इराने शाळेत गणितात पाचपैकी एक उदाहरण बरोबर सोडवले. घरी येताना ती ओढ्यापाशी थांबली. वाडीतली निम्मी माणसे आधीच तिथे होती, कोणी शेळ्या शोधायला आल्यासारखे, कोणी उगाच. ठण् येतो का, ते सगळे ऐकत होते. आजोबा नव्हते. ते घरी कानात बोळे घालून बसले होते.

टक्.

शुक्रवार, शनिवार, रविवार. पुढच्या सोमवारी दाते मॅडम आल्या, लाख तपासली, टाकीत किती पाणी पडले ते मोजले आणि वहीत लिहिले. मग म्हणाल्या, "मिस्त्री, ते पाणी गळतंय तिथं. बुजवून घ्या ना, बरं दिसेल."

"हात लावायचा नाही!" आजोबा एवढ्या जोरात ओरडले, की ओढ्यावरचे बगळे उडाले.

वाडी हलली नाही.

दावे

(दावा म्हणजे पेटंटमधला सर्वांत महत्त्वाचा भाग: नेमके काय माझे आहे, हे सांगणारे वाक्य. जुन्यातले काही त्यात घेता येत नाही.)

दाते मॅडमच्या त्या वाक्याने इराला झोप लागेना. आज आजोबा होते, म्हणून ओरडले. उद्या कोणी नीटनेटका माणूस येईल आणि शांतपणे स्क्रू बसवेल. चांगली माणसेच हे करणार, हा त्यातला घोळ होता.

तिने तेलाच्या डब्याचा पत्रा कापला आणि छोटी पन्हळ वाकवली. ती भोकापासून बोटभर लांब बसवली, म्हणजे श्वासाला आड येणार नाही. पिचकारी आता पन्हळीवर पडून खालच्या दगडी वाटीत उतरू लागली. दोन दिवसांत शिंजीर पाखरे पाणी प्यायला येऊ लागली. आता ती गळती दिसत नव्हती. ती पाखरांची सोय दिसत होती, आणि पाखरांची सोय कोण बुजवेल?

"तपासतो," दप्तरी म्हणाला. "तीन प्रश्न. उपयोगाचं आहे का? हो. कुणालाही सहज सुचलं असतं का? तीन महिन्यांत तिथं कुणाला सुचलं नाही, पण त्यावर वाद होऊ शकतो. नवीन आहे का? त्यासाठी जगभरातली जुनी पेटंट पाहावी लागतील. वेळ लागेल. तोवर तपशीलपत्र लिहा. सगळं लिहा, अर्जदार."

या वेळी इराने 'मी इरा' म्हटले नाही. ती लिहू लागली. पन्हळीची लांबी, वाक, अंतर, पत्रा. एका जागी मात्र तिची पेन्सिल अडखळली. जाळीच्या दाराशी आजोबा उभे होते.

"काय अडलं?"

"भोक का बुजवू नये, हे लिहायचंय. मग आपण बुजवलं होतं तेही लिहावं लागेल. दप्तरीकाकांकडचा कागद कायम राहतो, आजोबा. तुमचं नाव राहील. दीडशे वर्षांनीही."

आजोबांनी जाळीतून आत पाहिले. टेबलावर पांचाळांचे पान होते.

"त्यानं लिहिलं नसतं तर आपण आज कुठं असतो?"

"घाटापलीकडे."

"मग लिही. आणि तीन महिने नको लिहूस. साडेतीन होते."

इराने लिहिले. दप्तरीने कागद आत ओढून घेतला. "मंजूर झालं, तर वीस वर्षं तुमचं. २०८८ साली सगळ्यांचं. तेव्हा कुणीतरी बारा वर्षांचं इथं येईल आणि या पन्हळीतली चूक काढेल."

"कशावरून चूक असेल?"

"मी एवढी पेटंट वाचली आहेत," दप्तरी म्हणाला.

इराने दार उघडले. लांबून, ओढ्याकडून, बारीक आवाज येत होता. टक्. मग श्वासाएवढी शांतता. मग टक्.

"काढू दे," ती म्हणाली. "फक्त त्यानंही लिहून ठेवायला पाहिजे."