सतरा नंबरची हजेरी

जवळ सरकून बसा, म्हणजे मला मोठ्याने बोलावं लागणार नाही. तुमची आत्या खाली झोपली आहे. हा विषय काढलेला तिला खपत नाही.

आमचे दाजी, म्हणजे तुमचे आतोबा, त्या गावात थांबले ते निव्वळ पाण्यासाठी. गाडीची टाकी भरून घ्यायची होती, एवढंच.

गाडी तुम्ही पाहिली आहे. दाजींचा जन्म बसच्या वर्कशॉपात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि स्वतःच्या हाताने तिचं घर केलं. मागे झोपायच्या दोन फळ्या, एक शेगडी, एवढीशी मोरी आणि खिडकीला लागून एक लांब बाक. ताईला, म्हणजे तुमच्या आत्याला, म्हणाले, "चल, आता तुला जग दाखवतो." ताई म्हणाली, "जग राहू द्या. या मोरीचं पाणी कुठे जातं ते आधी दाखवा."

तर अशी दोघं निघाली. दाजींनी वाट आखली होती ती शाळासोबत्यांच्या गावांवरून. जिथे सोबती, तिथे मुक्काम. या गावात त्यांचे दोघे होते, एक वखारवाला आणि एक शिंपी. वखारीत नळ होता, गाडी लावायला मोकळं आवार होतं. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. टाकी भरून झाली, पण वखारवाला सोडतो कसला? "आलास तसा जाशील होय रे? रात्रभर थांब."

रात्री शिंपीही आला आणि तिघं मित्र गाडीतच जेवले. ताईने वाढलं आणि ती मागे जाऊन आडवी झाली. तिला म्हाताऱ्यांच्या त्याच त्या गप्पा पाठ होत्या. शाळेत हे तिघं एका बाकावर बसायचे. तिघं नव्हे, चौघं. शिंपी पंधरा नंबर, दाजी सोळा, वखारवाला अठरा.

"आणि सतरा?"

तेच सांगतोय. सतरा नंबर, थोराड हाडाचा नि मोठ्या पंजाचा पोरगा, घरोघर दूध घालून शाळेत यायचा, त्यामुळे रोज उशीर. गुरुजी मान वर न करता हजेरी घ्यायचे. 'सतरा' म्हटलं की दाजी खाली वाकून, आवाज जाडा काढून, 'हजर' म्हणायचे. पाचवीपासून दहावीपर्यंत हे चाललं. शाळा सुटल्यावर कोण कुठे, कोण कुठे. सतरा नंबर दोन वर्षांपूर्वी वारला. आजारपणात गेला बिचारा. हे तिघंही त्याला शेवटचं भेटले नव्हते.

जेवणानंतर वखारवाल्याला चेव आला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून तो गुरुजी झाला.

"पंधरा!"

"हजर," शिंपी म्हणाला.

"सोळा!"

"हजर, गुरुजी!"

"सतरा!"

आणि दाजी वाकले. जाड्या आवाजात म्हणाले, "हजर!"

सवयीने, रे. जिभेला कुठे कळतं कोण गेलं आणि कोण राहिलं. तिघंही खो खो हसले. मग एकेकाचं हसू थांबलं. शिंपी म्हणाला, "असं करू नये राव. गेलेल्या माणसाची..." थोड्या वेळाने दोघंही उठले. वखारवाल्याने फाटकाला बाहेरून कुलूप घातलं. "चोरांचा सुळसुळाट आहे. उजाडताच उघडतो," म्हणाला.

दाजींनी दिवा मालवला. पावणेबारा झाले होते.

आता ऐका. वर्कशॉपातल्या माणसाला गाडी तळपायातून कळते. किती माणूस चढलं, कुठल्या बाजूने चढलं, हे दाजी डोळे मिटून सांगतील. ते अंधारात उभे होते आणि गाडी दबली. डाव्या अंगाला. एका माणसाच्या वजनाने.

दार तर बंद होतं.

मग बाक करकरला.

दाजींना वाटलं, ताई उठली असेल. पण ताई मागे घोरत होती. दाजी दाराकडे सरकले. पायरीवर पाय टाकणार... आणि ते बाकावर बसलेले होते.

"म्हणजे? पडले?"

पडले नाहीत. उभे होते ते बसलेले होते, मधलं काही नाही. पुन्हा उठले. दार उघडलं, बाहेरची गार हवा तोंडावर आली, लाकडांचा वास आला. पाय उचलला. परत बाकावर. आणि शेजारी, खांद्याला खांदा लागून...

दिसत काही नव्हतं.

त्यांनी ताईला हाक मारली. ती उठली, चरफडत खाली उतरली. सहज उतरली. तिला कुणी अडवलं नाही. "या की बाहेर. काय झालंय तुम्हाला?" दाजी म्हणाले, "सुटत नाही गं." तिने हात धरून ओढलं. दारापर्यंत आले. मग तिचा हात रिकामा, आणि दाजी बाकावर.

मग ती रडायला लागली. म्हणाली, "अहो, माझ्याकडे बघा ना." त्यांनी पाहिलं. परक्या बाईकडे पाहावं तसं.

"मी कोण? ओळखता ना मला?"

तिने त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"तुम्ही कोण?"

दाजी म्हणाले, "सतरा."

जाडा आवाज. आणि या वेळी ते वाकले नव्हते.

ताईने वखारवाल्याला फोन लावला. तो शिंप्याला घेऊन धावत आला. त्याने फाटकाचं कुलूप काढलं. टॉर्चच्या उजेडात दोघांनी दाजींना बघितलं. बाकाच्या कडेला बसलेले, शेजारी जागा सोडून. मांडीवर हात, वर्गात बसल्यासारखे.

शिंपी हळूच म्हणाला, "यानं त्याची हजेरी दिली ना. हजेरी लागली की शाळा सुटेपर्यंत बाहेर पडता यायचं नाही. आता त्याच्या जागी हा बसलाय."

"मग रे?"

"मग काय? पुन्हा घे हजेरी. नीट घे. जो नाही तो नाही म्हण."

वखारवाला दारात उभा राहिला. चष्मा सावरायचंही भान नव्हतं त्याला.

"पंधरा."

"हजर." शिंपी म्हणाला.

"सोळा."

...

"सोळा!"

दाजी समोर बघत होते. जणू हा नंबर दुसऱ्याच कुणाचा. ताई आत चढली. मागून त्यांचे खांदे धरून गदागदा हलवले. "तुम्हाला बोलावताहेत! अहो, सोळा तुम्ही! घरी जायचंय ना आपल्याला? बोला!"

ओठ हलले. "ह..."

"बोला!"

"हजर."

त्यांचाच आवाज. बारीक, पण त्यांचाच. ताईने हात सैल केले. पण शिंपी बाहेरून ओरडला, "वहिनी, आता पुढचा नंबर! त्याला बोलू देऊ नका!"

"सतरा," वखारवाला म्हणाला.

दाजींची मान खाली वाकू लागली. छाती भरली. ताईने मागून हात घालून त्यांचं तोंड दाबलं. आतून श्वास धडका देत होता. तिच्या एकटीच्या हाताने ते आवरणारं नव्हतं, ती स्वतःच सांगते. हात निसटत होता. निसटत होता... आणि मग निसटला नाही.

'हजर' कुणी म्हटलं नाही.



"सतरा... गैरहजर," वखारवाला म्हणाला.

गाडी वर उठली. डाव्या अंगाने, हलकेच. दाजी ताईच्या अंगावर कोसळले आणि म्हणाले, "पाणी दे." तिघांनी त्यांना उचलून खाली आणलं. या वेळी ते खालीच राहिले. उजाडेपर्यंत वखारवाल्याच्या घरी सगळे दिवा लावून बसले होते. गाडी नंतर दुसऱ्याने चालवत आणली.

"काका, आतोबांना भास झाला असेल. दम लागला असेल."

असेल. मीही तेच म्हणालो होतो ताईला. तिने वाद घातला नाही. हात पुढे केला. तळव्यावर दाजींच्या दातांचे वळ होते, ते असणारच. मग तिने हात पालथा केला.

हाताच्या मागच्या बाजूला पाच बोटांचे निळे वळ होते. तिच्या हाताच्या दुप्पट पंजा. तिच्या हातावरून कुणीतरी आपला हात घट्ट दाबून धरला होता.