रेमीच्या तळघराची किल्ली

आमच्या द्राक्षमळ्यातल्या पायवाटेवर दोन माणसं समोरासमोर आली, की एकाला दगडी बांधाला चिकटून उभं राहावं लागतं. त्या सकाळी मी चिकटले. आधी शेजारच्या मळ्यातला रेमी आला... आणि त्याच्यामागून ती.

ती म्हणजे ओरेली, लोझान शहरातली इतिहासवाली. रेमीच्या बांधाखाली रोमन काळातल्या द्राक्षबिया सापडल्या, त्या बघायला आलेली. तोडणीच्या दिवसांत, चिखलात, पायात पांढरेशुभ्र बूट.

"लुडिविन, तू इथे?"

"माझाच मळा आहे. तू रस्ता चुकलास की काय?"

"यांना तळघरातलं वाइनचं जुनं पिंप दाखवतोय. तू पण ये ना दुपारी."

"तुमच्या दोघांत माझं काय काम?"

बांधावर ठेवलेलं माझं जेवणाचं फडकं तो उगाच चाचपत होता. माझं लक्ष त्या बुटांवर.

"जेवण चोरतोस?"

"बघतोय काय आणलंस ते. वेळेवर जेव हं..." म्हणत तो हसला आणि तिच्यासोबत उतरला.

तळघरात पाहुणे असले, की आमच्या गावात किल्ली बाहेर खिळ्याला टांगतात. वाटेवरच्या कुणीही आत यावं, एक घोट घ्यावा. खिळा रिकामा, म्हणजे आतल्या दोघांना तिसरं कुणी नकोय. एरवी किल्ली असते घरच्या बाईकडे. त्याची आई गेल्यापासून रेमी ती स्वतःच्या खिशात बाळगायचा.

दुपारी मी द्राक्षांची पेटी घेऊन खाली गेले. दार लोटलेलं, आतून तिच्या हसण्याचा आवाज. खिळा रिकामा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हो, जळले मी. तीन वर्षं बर्फाने ढासळलेले बांध आम्ही दोघांनी मिळून रचले. तेव्हा हा तोंडातून शब्द काढत नव्हता, आणि हिला एका सकाळीत तळघर!

वर येऊन मी घड ओरबाडायला लागले. "त्या घडांनी तुझं काय घोडं मारलंय?" माझ्यासोबत तोडणी करणारी ऑर्तांस मावशी म्हणाली. मी तोडतच राहिले. जेवलेही नाही.

उन्हं समोरच्या हिमशिखरावर गेली तेव्हा रेमी एकटाच वर आला. चेहरा पडलेला.

"नाही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचंस."

"कशाला नाही?"

त्याने फडक्याकडे पाहिलं. गाठ तशीच होती. "तू... जेवलीच नाहीस?"

मी गाठ सोडली. ब्रेड, चीज, आणि वर वीतभर लांबीची, गार, काळी किल्ली.

"मग ते दार..."

"दिवसभर उघडं होतं. कुलूप कशाने लावणार? तू येशील म्हणून त्या बाईंना एकाच पिंपाची गोष्ट चार वेळा सांगितली. शेवटी बिचाऱ्या हसायला लागल्या."

मी किल्ली मुठीत घट्ट धरली. डोळे भरून आले, आणि त्याला ते दिसले याचा रागही आला.

"गेल्या त्या?"

"चारच्या बसने."

"बूट छान होते त्यांचे," मी म्हणाले.

रेमीने हळूच हात पुढे केला. "किल्लीबद्दल तू काहीच बोलत नाहीस, तर... परत देतेस का?"

मी किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं.