ते पुढं गेले

ही भर दुपारची गोष्ट आहे.

हे आधीच सांगून टाकते. या पानावर मी बऱ्याच जणांचे अनुभव वाचलेत. बहुतेक सगळे अंधारातले असतात, आणि अंधारात माणसाला भास होऊ शकतो. आम्ही होतो तिथे धुकं होतं, पण उजेड होता. आणि जे झालं ते मी एकटीने पाहिलेलं नाही.

गेल्या सप्टेंबरमधला शनिवार. भंडारदऱ्याच्या पुढे, घाटघरच्या वाटेवरचा एक कडा.

पटवून देण्यासाठी मी हे लिहीत नाहीये. डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी ईरा. राहुरीत राहते, तिथेच शाळेत शिकवते. घरात बाबा, मी आणि दमयंती वहिनी. माझा मोठा भाऊ अनिमेष, म्हणजे वहिनीचा नवरा, मार्चमध्ये गेला. पोटाचा कॅन्सर. दीड वर्ष चाललं होतं.

तो गेल्यावर घरात फारशी रडारड झाली नाही. जे काय रडायचं ते आधीच रडून झालं असावं. आम्ही जेवत होतो, भांडी घासत होतो, कामावर जात होतो. टीव्ही चालू असायचा आणि कुणी बघत नसायचं. वहिनी तर विचारलं तरच बोलायची. ताटात वाढलेलं अर्धं तसंच राहायचं.

म्हणून ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी ती आपणहून म्हणाली की भंडारदऱ्याला जाऊन येऊ या, तेव्हा मी दुसरं काही विचारलंच नाही. तिकडे दोरीवरून कडा उतरवतात, ते तिला करायचं होतं. खरं तर ही दादाची हौस. दर पावसाळ्यात तो बेत करायचा आणि दर पावसाळ्यात काहीतरी आडवं यायचं.

बाबा म्हणाले, जा दोघी.

जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही सगळं ठरवलं. सप्टेंबरमधल्या एका शनिवारी निघायचं, एक मुक्काम, रविवारी परत. शेंडी गावात भीमाबाई म्हणून एक बाई घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. वहिनीने त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

त्या म्हणाल्या, "खोली ठेवलीय की ताई. सकाळीच तुमच्या मालकांचा फोन आला हुता. दोघी जनी येतील म्हनले."

वहिनीने फोन बंद केला.

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं बुकिंग असेल, त्यांची गल्लत झाली असेल. पण त्या दिवशी वहिनीने ताटातलं सगळं संपवलं. वर आमटी मागून घेतली.

कडा उतरवणाऱ्या पोरांचा एक गट होता. त्यातल्या गहिनीनाथशी दुसऱ्या दिवशी मी फोनवर बोलले. हा राजूरकडचा. तो म्हणाला, तुमची तीन नावं आलीत, दोन लेडीज आणि एक साहेब. मी म्हटलं, साहेब कुणी नाहीत, आम्ही दोघीच आहोत. तो बरं म्हणाला.

हे मी वहिनीला सांगितलं नाही. बाबांना मात्र विचारलं, तुम्ही कुठे फोन केला होता का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांना तर गावाचं नावही आठवत नव्हतं.

शनिवारी उजाडल्यावर निघालो. आमची पांढरी गाडी वहिनी चालवत होती. संगमनेर गेलं, अकोले गेलं. पुढे रस्ता चढायला लागला आणि सगळं हिरवं झालं. भाताची खाचरं, डोंगरावरून उतरणारं पाणी, रस्त्यावर आलेले ढग. लोक अशा जागी गाडी थांबवून फोटो काढतात. मला काही वाटत नव्हतं. हिरवं दिसत होतं, एवढंच.

राजूरला चहाला थांबलो. बाजाराच्या कडेला एक टपरी होती. आम्ही बाकावर बसतोय तोच टपरीवाल्याने दोन ग्लास आणून समोर ठेवले.

आम्ही अजून काही सांगितलंच नव्हतं.

तो वहिनीला म्हणाला, "ह्यो बिनसाखरंचा तुमचा. साहेब सांगून गेले. मागनं पांढरी गाडी येतीय, दोघी हायेत म्हनले."

वहिनी बिनसाखरेचा चहा पिते. लग्नाच्या आधीपासून.

मी विचारलं, कोण साहेब?

त्याने जे सांगितलं ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं. चष्मा. दाट केस. निळ्या चौकड्यांचा शर्ट. हसून बोलत होते. पायीच आले आणि पायीच पुढं गेले.

आमच्या हॉलमध्ये दादाचा आजारपणाआधीचा जो फोटो लावलाय, त्यात हाच शर्ट आहे.

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला. वहिनीने तिचा चहा सावकाश संपवला. मग उठली आणि म्हणाली, "चल. उशीर होतोय."

कशाला उशीर होतोय, हे मला विचारता आलं नाही.

गाडीत मी म्हटलं, वहिनी, परत फिरू या. कुणीतरी चेष्टा करतंय. ती म्हणाली, कोण करणार? आणि तिने वेग वाढवला. तिच्या तोंडावर हसू होतं. फार नाही, थोडंसं. गेल्या दोन वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

मला तेव्हा भीती वाटली ती त्या हसण्याची. दुसरं काही माझ्या मनाला शिवतच नव्हतं.

शेंडीला पोचलो तर भीमाबाई दारातच होत्या. पन्नाशीच्या, बोलक्या. पाव्हणं येऊन गेलं, म्हणाल्या. खोली बघितली, खिडकी उघडून डोंगर बघितला, पलंगावर थोडं बसले. जेवा म्हटलं तर नको म्हणाले.

"कड्यावर जातो म्हनले. तुमाला तिकडंच धाडा म्हनले. ते पुढं गेले."

खोलीत खिडकी उघडी होती. पलंगावरची चादर एका बाजूला दबलेली होती. माणूस बसून उठला की दबते तशी.

मी तिथे हात लावून पाहिला...

गार. आणि ओली.

भीमाबाईंनी पिठलं-भाकरी वाढली. वहिनी दोन भाकरी जेवली. तिसरी मागितली. मी ताट बाजूला सारलं. बाबांना फोन लावायला बाहेर गेले, तर रेंज नव्हती. आत आले तोवर वहिनी बूट घालून तयार.

मी तिला एकटीला जाऊ देणं शक्यच नव्हतं. म्हणून गेले. तिला अडवायला हवं होतं हे आता कळतं.

गाडी रस्त्यावर लावून पुढे वीसेक मिनिटांची पायवाट होती. सुरुवातीला सगळीकडून पाण्याचा आवाज येत होता. बेडूक ओरडत होते. धुकं इतकं की वहिनीची पाठ मध्येच दिसेनाशी व्हायची.

मग बेडूक थांबले.

मग पाण्याचा आवाज कमी कमी होत गेला. वास्तविक आम्ही धबधब्याच्या जवळ चाललो होतो. आवाज वाढायला हवा होता.

कड्यावर पोचलो तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त एक बारीक आवाज...

कर्र... कर्र...

दोरीचा होता तो. जाड झाडाला बांधलेली दोरी कड्याच्या काठावरून खाली गेली होती. ताठ. काठावरच्या दगडाला घासत होती.

शेजारी गहिनीनाथ पालथा पडून खाली बघत होता. पंचविशीतला पोरगा. आमची चाहूल लागली तसा उठला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"ताई, साहेब ऐकत न्हाईत," तो म्हणाला. "तुमी येऊस्तर थांबा म्हनलं, तर म्हनले मी पुढं जातो. मीच पट्टे बांधले त्यांचे. निम्म्यात गेले आन थांबले. हाका मारतोय, तर ओ देत न्हाईत."

कड्याच्या पायथ्याला त्याचा जोडीदार होता, मच्छिंद्र. गहिनीनाथने वॉकी-टॉकीवर त्याला पुन्हा विचारलं, काय दिसतंय का? खरखर झाली. मग आवाज आला, "वर समदं धुकं हाय. दोरीचं टोक लोंबतंय नुसतं. खाली कुनी आलं न्हाई."

मी मोबाईल काढला. दादाचा फोटो उघडून गहिनीनाथसमोर धरला.

तो म्हणाला, "हेच की."

मी त्याला सांगितलं. हा माझा भाऊ. मार्चमध्ये वारला.

मला वाटलं होतं तो ओरडेल, पळेल. तो नुसता दोरीकडे बघत राहिला.

कर्र... कर्र...

मी मागे वळले तर वहिनी कमरेला पट्टे बांधत होती. तिच्यासाठी शेजारी दुसरी दोरी लावलेली होती. मी जाऊन तिचा दंड धरला. काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक बाबांचं नाव घेतलं. तिने माझा हात शांतपणे सोडवला. रागावली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती.

ती काठाजवळ गेली. गुडघ्यांवर बसली.

आणि तिने तळहात त्या ताठ दोरीवर ठेवला.

किती वेळ तशी होती, मला सांगता येणार नाही. मी तिच्या जॅकेटची मागची बाजू मुठीत धरून उभी होते. घट्ट. तिने डोळे मिटले होते. तिची बोटं दोरीवरून थोडी पुढे सरकली, मग परत मागे आली. डॉक्टर नाडी बघतात तसं काहीतरी ती करत होती.

मग तिच्या तोंडावरचं ते हसू गेलं.

तिने हात काढून घेतला.

आणि दोरी सैल पडली.

काही पडल्याचा आवाज आला नाही. किंकाळी नाही. आत्तापर्यंत ताठ असलेली दोरी नुसती दगडावर मऊ पडली. पाठोपाठ पाण्याचा आवाज आला. इतका मोठा, की मी दचकले. धबधबा आमच्या अगदी शेजारीच होता.

गहिनीनाथने दोरी वर ओढून घेतली. दोरीला अडकवलेला कमरेचा पट्टा वर आला. सगळे बक्कल लावलेले. मांड्यांचेही, कमरेचाही. जसे त्याने बांधले होते तसेच.

आत कुणी नव्हतं.

वॉकी-टॉकीवर मच्छिंद्र विचारत होता, "आरं काय झालं? दोरी वर का घेतली? आलं का ते वर?" गहिनीनाथने वॉकी-टॉकी बंद केला.

वहिनीने स्वतःचे पट्टे सोडले, नीट घडी करून दगडावर ठेवले आणि मला म्हणाली, "चल ईरा. घरी जाऊ."

मुक्काम केला नाही. भीमाबाईंना काय सांगितलं तेही लक्षात नाही. गाडी पुन्हा वहिनीनेच चालवली. संगमनेरला पेट्रोल भरून पंपावरून निघालो, तेव्हा मी विचारलं, तू उतरणार होतीस ना?

ती हो म्हणाली.

"मग?"

तिने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. समोर बघत ती बोलली.

"शेवटचे सहा महिने त्याला उठवायचं, बसवायचं, बाथरूमला न्यायचं, सगळं मीच केलंय. कुशीवर वळवायचं तरी मी. शेवटी तर एका हातात उचलत होते त्याला, पोरासारखं. त्याचं वजन मला माहीत आहे, ईरा."

तिने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले.

"त्या दोरीवर जे होतं ते खूप जड होतं. आणि आजारपणात एक केस राहिला नव्हता त्याच्या डोक्यावर. या सगळ्यांना दाट केसांचा माणूस दिसला. तो अनिमेष नव्हता. फोटोत दिसतो तसा होऊन दुसरंच कुणीतरी आलं होतं."

ती एवढंच बोलली. मग गाडी सुरू केली.

त्या रात्री ती गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी रडली, खूप. बाबा घाबरले, पण मला बरं वाटलं. आता ती ठीक आहे. कामावर जाते, जेवते, बाबांशी बोलते. पुन्हा कधी तिकडचं नाव काढलं नाही.

गहिनीनाथचा एकदा फोन आला होता. त्याने ते काम सोडलं. आता राजूरला टेम्पो चालवतो. त्या दिवशी पट्टे कुणाला बांधले, हे त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं.

वहिनी म्हणते ते बरोबरच असेल. ते दुसरं काहीतरी होतं आणि ते तिला खाली न्यायला आलं होतं. तिने ओळखलं, म्हणून ती वाचली. मी स्वतःला रोज हेच सांगते. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मध्येच थांबते आणि पुन्हा सांगते.

पण तिचा बिनसाखरेचा चहा त्याला माहीत होता.

आणि तिने हात काढून घेतला, तेव्हाच दोरी सैल झाली. आधी नाही.

एक गोष्ट मी वहिनीला कधी विचारणार नाही. तुम्हालाही विचारायची की नाही, कळत नाही. आजारपणातून सुटलेल्या माणसाला मेल्यावर त्याचे केस परत मिळत असतील का? त्याचं जुनं, चांगलं वजन?

मिळत असेल, तर त्या कड्यावर आम्ही कुणाला सोडून आलो?