दुसरा कंट्रोलर

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. कारण खाली "ताई, लूज कनेक्शन असेल" असं लिहिणाऱ्यांशी भांडायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. कनेक्शनं मी स्वतः तपासली होती. एकूण एक.

साल दोन हजार तीन. जानेवारी महिना. चंडीगड.

बाबांची केंद्र सरकारची नोकरी, त्यामुळे साताऱ्याहून बदली होऊन आम्ही बारा वर्षांपासून तिथे. सरकारी क्वार्टर, पहिला मजला. अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली. पण त्या दिवसांत तिकडे धुकं असं उतरतं की समोरची बिल्डिंग दिसत नाही. घरात दिवसभर ट्यूबलाइट चालू.

मी मधुवंती. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होते. समोर टेबलावर एक गेम कन्सोल पोट उघडून पडला होता, आणि माझं डोकं फिरलं होतं.

कन्सोल अंकुरचा.

अंकुर म्हणजे खालच्या मजल्यावरच्या शालिनीकाकू आणि विलासकाकांचा मुलगा. माझा धाकटा भाऊ सुशांत आणि तो एकाच वर्गात. दोघं तिथेच वाढलेले. घरात मराठी ऐकायचे आणि उत्तर हिंदीत द्यायचे.

डिसेंबरात अंकुर तापाने गेला.

पोराची मुंज झालेली होती, म्हणून दहावं रीतसर केलं. घग्गर नदीच्या काठावर. तिथे मराठी माणसं मोजकी, म्हणून आम्ही बायका-मुलंही गेलो. पिंड ठेवला. सगळे मागे सरकलो.

आणि... कावळा शिवेना.

झाडावर कावळे होते. ओरडतसुद्धा नव्हते. नुसते बघत बसले होते.

विलासकाकांनी हात जोडून काय काय कबूल केलं. काकूंनी केलं. काही उपयोग नाही. काका रडायला लागले. शेवटी काकूंनी सुशांतला पुढे ढकललं.

"त्याचा तो गेम अर्धा राहिलाय रे. तुझ्यासाठी मी पूर्ण करीन, असं सांग त्याला."

सुशांत पुढे गेला. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला.

कावळा लगेच खाली आला.

दुसऱ्याच दिवशी काकूंनी कन्सोल आमच्याकडे आणून दिला. आणि इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला, कारण त्याचा डिस्क ड्राइव्ह चालतच नव्हता. डिस्क घातली की फिरायची... टक... टक... टक... आणि थांबायची. स्क्रीनवर तेच वाक्य. डिस्क घाला. अरे, घातली आहे की!

सुशांतने खाणंपिणं सोडल्यातच जमा होतं. शाळेतून आला की टीव्हीसमोर बसायचा. आई रागवली, बाबा समजावून थकले. त्याचं एकच. "मैंने प्रॉमिस किया है, ताई. तू ठीक कर दे ना."

मी लेन्स स्पिरिटने पुसली. डिस्क मधून कडेकडे पुसली. लेन्स ज्या पट्टीवर सरकते तिला ग्रीस लावलं. कुणीतरी सांगितलं, कन्सोल उलटा ठेवून चालवा. तसाही ठेवला. मीटर लावून व्होल्टेज बघितलं, बरोबर. सेक्टर बावीसच्या दुकानात नेऊन नवी लेन्स घातली. दुकानात चालला! तिथे दुसऱ्या गेमची डिस्क घातली, तीही चालली. घरी आणला...

टक... टक... टक...

आपटावासा वाटत होता मला. परीक्षा तोंडावर आलेली आणि मी हे करत बसलेली.

त्या दुपारी मी पुन्हा सगळं खोललं. आई-बाबा सेक्टर सतराला बँकेत गेले होते. घरात मी आणि सुशांत. मी प्लग काढून ठेवला होता. वायर माझ्या मांडीवर होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

टक...

मी वर पाहिलं. सुशांत लांब दिवाणावर बसला होता.

टक... टक...

डिस्क हळूहळू फिरत होती.

खरं सांगते, मला भीती नाही वाटली. मला संताप आला. वीज जोडली की चालत नाही आणि काढली की फिरतोय? मी झाकण दाबून बंद केलं. "आता पुरे हं!" असं मोठ्याने ओरडले.

तेवढ्यात दार वाजलं. शालिनीकाकू. अंगावर शाल, हातात दुसरा कंट्रोलर.

"हा मी ठेवून घेतला होता गं. त्याच्या उशीखाली असायचा नेहमी." त्यांनी कंट्रोलर पुढे केला. "पण आता ठेववत नाही. दुपारी जरा पडलं की... बटणं वाजतात."

मी कंट्रोलर घेतला. काकू उभ्याउभ्याच परत गेल्या.

"लगा दे ना," सुशांत म्हणाला.

कंट्रोलरचा आणि ड्राइव्हचा काडीचा संबंध नसतो. हे मी त्याला सर्किट दाखवून सांगू शकले असते. पण माझ्यात त्राण नव्हतं. मी सगळं जोडलं, दोन्ही कंट्रोलर लावले आणि बटण दाबलं.

डिस्क फिरली.

टकटक नाही, काही नाही. नव्यासारखी.

गेम सुरू झाला. एक किल्ला, दोन शिपाई, शेवटची लढाई बाकी. सुशांतने आपला कंट्रोलर उचलला. दुसरा मी दिवाणावर ठेवला होता, त्याच्या शेजारी. तिथे कुणीही बसलेलं नव्हतं.

लाल शिपाई सुशांत चालवत होता.

निळा शिपाई... त्याच्या मागोमाग चालायला लागला.

"कॉम्प्युटर चालवतोय का तो?" मी विचारलं.

"नहीं," सुशांत म्हणाला. त्याची नजर हलली नाही. "वो ऐसे ही खेलता है. पहले लेफ्ट जाता है हमेशा."

दुसऱ्या कंट्रोलरवरची बटणं आत जात होती. बाहेर येत होती. कुणीही न दाबता.

"सुशांत, त्या दिवशी नदीवर तू नेमकं काय बोललास?"

"काकूने बोला था वही."

"काय ते सांग."

"तेरे साथ गेम पूरा करूँगा."

"साथ? काकू 'साठी' म्हणाल्या होत्या! तुझ्यासाठी!"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. चेहरा इतका भाबडा, की मला रडू आलं.

"साठी मतलब साथ ही ना, ताई?"

तेरा-चौदा वर्षं घरात मराठी ऐकलेलं पोर. एका शब्दाचा अर्थ आम्ही कुणी त्याला कधी सांगितलाच नव्हता.

लढाई संपली. दोन्ही शिपाई किल्ल्याच्या बुरुजावर चढले. सुशांत हसत होता. कितीतरी दिवसांनी हसत होता. झालं, वचन पूर्ण झालं, असं मला वाटलं. सुटला माझा भाऊ.

मग स्क्रीन काळी झाली. पांढरी इंग्रजी अक्षरं आली.

पुन्हा सोबत खेळणार? हो. नाही.

त्याच्याखाली आणखी एक ओळ उमटली.

दुसरा खेळाडू... हो.

पहिल्या खेळाडूची वाट पाहत आहे...

सुशांतचा अंगठा बटणावर होता. मी उडी मारून भिंतीतला प्लग उपसला. टीव्ही तेवढा चालू राहिला, निळा. कन्सोल बंद पडला. ड्राइव्ह मात्र बराच वेळ फिरत होता. सावकाश... मग थांबला.

कन्सोल विलासकाकांनी नेला. पुढे त्याचं काय केलं, ते मी विचारलं नाही. वर्षभरात आमची बदली झाली.

इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आले, की निदान उत्तर तरी दिलं गेलं नाही. मी वेळेवर वायर ओढली.

सुशांत आता पुण्यात असतो. संसार आहे, मुलगी आहे. उत्तम मराठी बोलतो. गेल्या महिन्यात बोलता बोलता तो विषय निघाला, तेव्हा मी हे त्याला सांगितलं. म्हटलं, बरं झालं, मी प्लग काढला.

तो बोलला, आणि तेही हिंदीत.

"ताई, तूने प्लग बाद में निकाला."

"म्हणजे?"

"मैंने दबा दिया था."

"काय दाबलं होतंस? सुशांत?"

"उसको ना कैसे बोलता, यार..."

तेव्हापासून मी त्याला रोज फोन करते. काहीतरी कारण काढते, भाजी काय केली विचारते. त्याने उचलायला जरा उशीर केला की माझा जीव वरखाली होतो.